मला वास येत नाही

त्यांना सगळे नाकमास्तर म्हणत. तोंडावर नुसतं मास्तर, पाठीमागे नाकमास्तर. पण मास्तरांना पाठीमागचं नावच जास्त आवडायचं, आणि ते नीट कानावर पडावं म्हणून हॉलमधून जाताना ते पाऊल जरा हळू टाकत. तसं त्यांनी कुठल्या शाळेत कधी शिकवलं नव्हतं. शिकायलाही फार दिवस गेले नव्हते. शीतगृहाच्या यंत्रखोलीत बावीस वर्षं कॉम्प्रेसर सांभाळणारा माणूस, एवढीच त्यांची कागदोपत्री ओळख. मालक बदलले, तीन मॅनेजर आले नि गेले, मास्तर मात्र आपल्या जागी कायम, नाकासकट.

नाक दिसायला काही विशेष नव्हतं. जरा बसकंच होतं, आणि डावीकडे एक मस होता. पण मास्तर त्याची अशी काळजी घेत की बघणाऱ्याला वाटावं, हे भाड्याने आणलंय आणि परत करायचंय. तपकीर नाही, विडी नाही, अत्तर नाही. थंडीत बाहेर पडताना कान उघडे राहिले तरी चालतील, नाकावर रुमाल हवा.

आणि ते साहजिकही होतं. त्या शीतगृहात तीन मोठी चेंबरं होती, पुढे माल निवडायचा हॉल आणि मागे यंत्रखोली. चेंबरांत सफरचंदं आणि बटाटे महिनोन्‌महिने गार झोपलेले असत, आणि त्यांना गार ठेवायचं काम अमोनिया करायचा. यंत्रखोलीतल्या लांबोळक्या टाकीवर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘निर्जल अमोनिया’. निवडणीला नवी बाई आली की पहिल्या दिवशी मास्तर तिला त्या टाकीसमोर उभी करत आणि आपलं व्याख्यान सुरू करत.

“निर्जल म्हणजे काय? ह्याच्यात पाण्याचा टिपूस नाही. म्हणून हा कायमचा तहानलेला. नळीत आहे तोवर शहाणा. खत करायला हाच, बर्फ करायला हाच, तुमची सफरचंदं ताजी ठेवायला हाच. पण सुटला की पाणी शोधत येणार. आणि पाणी कुठे असतं? तुमच्या डोळ्यात. तुमच्या घशात. काखेत घाम असेल तर तिथेही. डोळ्याला लागला तर चोळायचं नाही, नळाखाली धरायचं, पंधरा मिनिटं. घड्याळातली पंधरा, मनातली नव्हे. अंगावर सांडला तर लाजायचं नाही, कपडे काढायचे आणि पाण्याखाली उभं राहायचं. पळायची वेळ आली तर आधी छपरावरची कापडी पट्टी बघायची. ती जिकडे फडकते तिकडे गॅस जाणार. आपण आडवं निघायचं आणि मग वाऱ्याच्या तोंडाकडे. आणि हे सगळे वॉल्व बघितलेस? सगळे लोखंडी. हा पितळेला खातो. ह्याच्यापुढे भल्याभल्यांचं पितळ उघडं पडतं.”

या शेवटच्या वाक्याला बाई हसली तर ठीक, नाही हसली तर मास्तर ते वाक्य पुन्हा म्हणत.

नाकाची कीर्ती कशी झाली तेही ते सांगत, विचारलं नाही तरी. बावीस वर्षांपूर्वी ते इथे क्रेट उचलायला लागले होते. एका सकाळी सगळीकडे उग्र वास सुटला आणि गळती सापडेना. तेव्हाचा फिटर गंधकाची काडी पेटवून दोन तास पाइपांखाली रांगत होता. जळत्या गंधकाजवळ अमोनिया आला की दाट पांढरा धूर होतो, त्यावरून गळतीची जागा कळते. पण पंखे चालू राहिले होते, धूर भलतीकडेच जात होता. मास्तरांनी खांद्यावरचा क्रेट खाली ठेवला, हवेत दोनदा नाक फिरवलं, शिडीवर चढले आणि एका नटावर बोट ठेवलं. “इथं.” तिथेच होती. तेव्हाचे मालक म्हणाले, “काडी फेका. याचं नाक ठेवा.” त्या दिवशी मास्तर यंत्रखोलीत शिरले. पुढे मेहनतीने सगळं यंत्र शिकले, रात्रीअपरात्री उठून आले, हात भाजून घेतले. पण त्या मेहनतीचं कौतुक कुणी करत नव्हतं. जे काही होतं ते नाकाचं.

तेव्हापासून एक रिवाज पडून गेला. सकाळी सात वाजता निवडणीच्या अकरा बाया चेंबरच्या दाराशी येऊन थांबत. मास्तर दार उघडून दोन पावलं आत जात, डोळे मिटत, तीनदा खोल वास घेत आणि मागे न वळता जाहीर करत, “मला वास येत नाही.” एवढं झालं की बाया आत. मास्तरांना वास येत नाही म्हणजे वास नाहीच, आणि वास नाही म्हणजे अमोनिया नाही, असा सरळ हिशेब. कधी एखादीच्या नाकाला काही जाणवलं आणि ती पुटपुटली, तर बाकीच्याच तिला गप्प करत. “मास्तरांना येत नाही, तुला बरा आला!”

नियमांच्या कागदावर वेगळंच लिहिलं होतं. रोज तिथे राहणाऱ्याच्या नाकाला वासाची सवय होते, म्हणून नाकावर विसंबू नये, काडी फिरवावी, ओला लिटमस कागद धरावा, गॅस ओळखणारं यंत्र बसवावं, असं त्यात स्पष्ट होतं. तो कागद यंत्रखोलीच्या भिंतीवर एका खिळ्याला लावलेला होता. मास्तर त्या खिळ्याला आपली टोपी अडकवत.

तो कागद वाचणारं तिथे एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे फिटरताई. चाळिशीची, कमी बोलणारी, सहा वर्षांपूर्वी आलेली. कोपरापर्यंत हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, गळ्यात मास्क असल्याशिवाय वॉल्वला हात लावायची नाही. यंत्रातलं साचलेलं तेल काढायला बसली की ते संपेपर्यंत वॉल्ववरचा हात हलवायची नाही, मग बाहेर कुणी कितीही हाका मारोत. गंधकाच्या काड्यांचा डबाही तिचाच. ती काडी घेऊन निघाली की मास्तरांना चेव यायचा.

“काय ताई, पुन्हा काड्या करायला निघालात?”

“मी काड्या करते म्हणून तुम्ही सुखाने नाक उडवताय,” फिटरताई म्हणायची आणि पुढे जायची.

गॅस ओळखणारी एक पेटी यंत्रखोलीत होती. तशाच तीन चेंबरांतही बसवू या का, असं मॅनेजरने गेल्या वर्षी सहज विचारलं होतं. मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी फक्त एवढंच म्हणाले, “आणा पेटी. मी मेल्यावर.” मॅनेजर तरुण होता आणि भिडस्त होता. विषय तिथेच राहिला.

घरी त्या नाकाने बायकोच्या नाकी नऊ आणले होते. दूध लागलं तर हे रस्त्यावरूनच ओरडत येत. भाजी सकाळची आहे की कालची, हे झाकण काढायच्या आत सांगत. तीस वर्षं त्या बाईने एखादा शिळा घास त्यांच्या ताटात खपवून बघितला, पण एकदाही जमलं नाही. मुलगा ट्रक घेऊन आठ-आठ दिवस बाहेर असायचा. सून दोन वर्षांपासून निवडणीच्या हॉलमध्येच कामाला होती. घरात सासरा आणि कामावर मास्तर, दोन्हीकडे तेच नाक. पण ती हसतमुख होती आणि मास्तरांचा तिच्यावर जीव होता. हॉलमध्ये ती त्यांना सगळ्यांदेखत “बाबा” म्हणायची, ते ऐकायला त्यांना फार बरं वाटायचं.

मग चार महिन्यांपूर्वी मास्तरांना ताप आला. आठवडाभर पडून होते. उठले तेव्हा चहा नुसतं गरम पाणी लागला. येईल हळूहळू, म्हणून त्यांनी वाट बघितली. साबण हुंगून बघितला, कांदा हुंगला, बायकोची नजर चुकवून चपलासुद्धा हुंगल्या. काही नाही. शेवटी कामावर गेल्यावर ते तेल काढायच्या जागी गेले. तिथे पाण्याची एक बादली असते, तेलाबरोबर येणारा थोडाफार अमोनिया त्या पाण्यात जिरतो. मास्तर त्या बादलीवर वाकले. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नाकाला मात्र काहीच कळलं नाही. ते तिथेच एका पालथ्या क्रेटवर बसले आणि त्यांना रडू आलं. डोळ्यातलं पाणी अमोनियाचं किती आणि रडण्याचं किती, हे त्यांचं त्यांनाही कळेना.

सरळ जाऊन सांगायचं, हा एक मार्ग होता. मास्तर तसे नाकासमोर चालणारे गृहस्थ. पण नाकच गेल्यावर समोर काय धरून चालायचं? नाकमास्तरातलं नाक काढलं तर उरतं काय? मास्तर. आणि मास्तर तर ते कधी नव्हतेच. या विचाराने त्यांना दोन रात्री झोप लागली नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी वेगळाच उपाय काढला.

ते पहाटे साडेपाचला कामावर जाऊ लागले. कुणी नसताना फिटरताईच्या डब्यातून तीन काड्या काढायच्या, पंखे बंद करायचे, आणि एकेका चेंबरमध्ये काडी पेटवून प्रत्येक जोडापाशी, प्रत्येक वॉल्वपाशी सावकाश फिरवायची. पांढरा धूर दिसला नाही की पंखे चालू. मग सात वाजता बायांसमोर डोळे मिटून, छाती भरून तीन श्वास आणि “मला वास येत नाही.” ज्या काडीची त्यांनी जन्मभर चेष्टा केली, तीच आता त्यांची इभ्रत राखत होती. खरं सांगायचं तर बावीस वर्षांत त्या चेंबरांची इतकी चोख तपासणी कधी झाली नव्हती. आणि वर मास्तरांचं मनही खात नव्हतं. मला वास येत नाही, असं आपण म्हणतो. येतो का? नाही येत. मग यात खोटं काय आहे?

एकच गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. जळक्या गंधकाचा वास कपड्यांना धरून बसतो, आणि तो कळायला नाक लागतं.

बायकोने आठवडाभर नुसतं निरीक्षण केलं. साडेसहाला निघणारा माणूस साडेपाचला का निघतो? शर्टाला जळक्या काड्यापेटीचा वास का येतो? आणि करपलेली भाजी मुकाट्याने खाऊन वर “छान झालीय” का म्हणतो? तिने हिशेब जुळवला आणि एका संध्याकाळी ताट वाढता वाढता सुनेदेखत विचारलं, “अहो, कधीपासून ओढताय?”

“काय?”

“विड्या. आणखी काय?”

मास्तरांनी घास हातातच धरला. एकीकडे नाक, दुसरीकडे विडी. एवढ्या आयुष्यात ज्याने विडीला बोट लावलं नव्हतं तो माणूस क्षणभर विचार करून म्हणाला, “ताप आल्यापासून.”

“दिवसाला किती?”

“तीन,” मास्तर म्हणाले. चेंबरं तीनच होती.

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं. समोरचे म्हातारे विडीवाले आजोबा तर इतके खूश झाले की मास्तरांना कट्ट्यावर बसवून त्यांनी आपल्या हाताने विडी पेटवून दिली. ती मास्तरांना शेवटपर्यंत ओढावी लागली. ठसका लागून डोळे पांढरे झाले, तेव्हा आजोबा पाठीवर थोपटत म्हणाले, “नवीन आहात. सवय होईल.”

इकडे फिटरताईच्या डब्यातल्या काड्या भराभर संपत होत्या. “मास्तर, माझ्या काड्या कोण नेतंय?” तिने विचारलं.

“उंदीर असतील.”

“गंधक खाणारे?”

“भूक लागली की काय खात नाहीत ते!” मास्तर म्हणाले आणि टोपी घ्यायला वळले.

फिटरताईने त्यांच्या पाठीकडे जरा वेळ बघितलं. मग तिने एक छोटं कुलूप आणलं आणि डब्याला लावलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मास्तर डब्यासमोर उभे राहिले ते उभेच राहिले. खिशात आदल्या दिवसाचं अंगठ्याएवढं थोटूक होतं. त्यांनी ते पेटवलं. एक नंबरचं चेंबर झालं. दोन नंबरचं चेंबर झालं. तीन नंबरच्या दारात बोटाला चटका बसला आणि थोटूक विझलं. लिटमसचे कागद त्याच कुलपात. फिटरताई येणार पावणेसातला, आणि तिच्याकडे किल्ली मागायची म्हणजे कशाला ते सांगावं लागणार. मास्तर दारात घुटमळले. काल तीन नंबर स्वच्छ होतं. परवाही होतं. चार महिने होतं. एका रात्रीत काय होणार आहे? असं म्हणत त्यांनी पंखे चालू केले.

सातला बाया आल्या. एक नंबर झालं, दोन नंबर झालं. तीन नंबरच्या दारात मास्तरांनी डोळे मिटले आणि तीन श्वास घेतले. तिसरा जरा आखूडच झाला.

“मला वास येत नाही.”

“बाबा,” सून मागून हळूच म्हणाली, “मला जरासा काहीतरी...”

आता सांगावं, हे शब्द अगदी ओठावर आले होते. पण मागे अकरा जणी उभ्या होत्या आणि फिटरताईही नेमकी तिथेच हातमोजे चढवत होती. सवयीने तोंडातून भलतंच निघालं. “सूनबाई, तुझ्या नाकाला अजून शाळेत घालायचंय.”

बाया हसल्या. सूनही हसली. “चला गं,” निवडणीतल्या सर्वांत जुन्या मावशी म्हणाल्या, आणि सगळ्या आत गेल्या.

त्या दिवशी मागच्या रांगेतला माल काढायचा होता. सुनेने तिथला पहिला क्रेट ढकलगाडीवर दारापर्यंत आणून सोडला आणि ती परत आत गेली. मास्तरांची नजर क्रेटवर पडली. वरची सफरचंदं लाल होती, पण नेहमीची लाल नव्हती. सालीला जांभळट निळी कळा आली होती आणि सालीवरचा एकेक बारीक ठिपका काळा पडला होता. असं फळ मास्तरांनी आयुष्यात एकदाच बघितलं होतं, बावीस वर्षांपूर्वी, त्या गळक्या नटाखाली. अमोनिया सफरचंदाच्या लाल रंगालाही सोडत नाही. रात्रभर हा क्रेट गळतीखाली होता, आणि गळती मागच्या भिंतीशी होती, जिथे आता सून गेली होती.

“बाहेर या!” मास्तर ओरडले. “अगं बाहेर या! मला वास येत नाही!”

पंख्यांच्या घरघरीत ‘बाहेर या’ कुठल्या कुठे गेलं. रोजचं, ओळखीचं वाक्य तेवढं आत पोचलं.

“कळलं हो मास्तर,” आतून मावशी म्हणाल्या. “एकदा सांगितलंत की!”

“मावशी, गॅस आहे! बाहेर!”

मावशी हातात क्रेट घेऊन मधोमध थांबल्या. “गॅस कसा असेल? तुम्हाला वास येत नाही ना?”

“नाही येत!”

“मग झालं तर,” मावशी म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

चार महिने ज्या वाक्याच्या आड मास्तर लपले होते, ते वाक्य आता दारात आडवं पडलं होतं आणि कुणाला बाहेर येऊ देत नव्हतं. मागच्या भिंतीशी फुस्स असा आवाज झाला. जोडातली फट बुजवणारं गॅस्केट उरलंसुरलंही सुटलं, आणि पांढरं धुकं जमिनीलगत पसरू लागलं. मास्तरांनी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि फुटेल इतका आवाज काढला.

“माझं नाक गेलंय! चार महिने झाले! मला फुलाचा वास येत नाही, शेणाचा येत नाही, कसलाच येत नाही! माझं नाक गेलंय, बायांनो! पळा!”

हे मात्र सगळ्यांना कळलं. क्रेट धडाधड खाली पडले. बाया धावत सुटल्या. मावशींना हातातला क्रेट काही सोडवेना, त्या क्रेटसकट गोंधळून उभ्या होत्या. मागून सून आली, तिने एका हाताने क्रेट उडवला आणि दुसऱ्या हाताने मावशींना दाराकडे लोटत आणलं. तेवढ्यात ते धुकं तिच्या तोंडावर आलं. मास्तर आत झेपावणार तो कुणीतरी त्यांची कॉलर मागे ओढली. फिटरताई होती. लाल बटण दाबून यंत्र बंद करून ती मास्क चढवत होती.

“तुम्ही बायका मोजा,” ती म्हणाली. “वॉल्व मी बघते.”

मास्तरांनी छपरावरची पट्टी बघितली आणि सगळ्यांना आडवं नेत, वाऱ्याच्या तोंडाकडे, फाटकाजवळच्या नळापाशी आणलं. मोजल्या. नऊ, मावशी दहा, सून अकरा. खात्री पटेना म्हणून पुन्हा मोजल्या. मग सुनेचं डोकं त्यांनी नळाखाली धरलं. ती डोळे मिटून घेत होती, ते बोटांनी उघडे धरून त्यावर पाणी सोडलं.

“झालं का, बाबा?”

“चार मिनिटं झाली. हलू नकोस.”

“आता?”

“पाच. गप्प उभी राहा, माझी आई.”

मावशी खोकत खोकत बाजूला बसल्या होत्या. मास्तर डाव्या हातातल्या घड्याळाकडे बघत होते, आणि पंधरा म्हणजे पंधरा मिनिटं त्यांनी हात हलवला नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डोळे वाचले, लगेच पाणी मारलंत म्हणून. चार दिवस लाल राहतील. मावशींना संध्याकाळपर्यंत ठेवून सोडतो.

तोवर फिटरताईने टाकीकडचा मुख्य वॉल्व बंद केला होता आणि चेंबर वाऱ्यावर उघडं टाकलं होतं. मास्तर परत आले तेव्हा मॅनेजर अंगणात उभा होता. त्याला रागवायची सवय नव्हती.

“चार महिने, मास्तर?”

“चार. रोज पहाटे काडीने बघायचो. आज काडी नव्हती. तीन नंबर न बघताच सांगितलं.”

फिटरताईचा मास्क अजून गळ्यात होता. तिचा चेहरा उतरला. “ते उंदीर तुम्ही? आणि मी कुलूप लावलं.”

“कुलूप बरोबरच लावलंत ताई. उंदराने बोलायला हवं होतं.”

कुणी हसलं नाही. मॅनेजर म्हणाला, पेट्या उद्याच मागवतो, तिन्ही चेंबरांना. मास्तरांनी पंधरा दिवस घरी थांबावं. पुढे यंत्रखोलीत ठेवायचं की आणखी कुठे, ते मग बघू. मास्तरांनी मान हलवली. भिंतीवरून टोपी काढली तेव्हा खालचा कागद पहिल्यांदाच पुरता दिसला. ते तो तिथे उभ्या उभ्या सगळा वाचून मगच बाहेर पडले.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने अख्खं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, “म्हणजे विड्या नाहीत?”

“नाहीत.”

“अहो, मी गल्लीभर तोंड काळं केलं ना तुमचं! आणि ती परवाची भाजी? शिळीच वाढली होती मी, बघू म्हटलं काय करताय ते. छान झालीय म्हणालात!” ती हसायला लागली आणि हसता हसता एकदम पदराने डोळे टिपू लागली. “मला सांगायचं होतंत. मी काय तुमच्या नाकाशी लग्न केलं होतं?” मग ती चहा टाकायला उठून गेली.

सून खिडकीजवळ खुर्चीवर बसली होती. डोळे सुजून लाल झाले होते, उजेड सहन होत नव्हता म्हणून पडदा ओढलेला होता. मास्तर तिच्यासमोर स्टुलावर बसले.

“सूनबाई, माझं चुकलं.”

असू दे बाबा, असं ती म्हणेल असं त्यांना वाटलं होतं. एरवी म्हणालीही असती.

“चुकलंच,” सून म्हणाली. “पण तुम्हाला कुठलं वाटतंय ते चुकलं? काडी संपली ते?”

“न बघता सांगितलं, ते.”

“मला वास आला होता, बाबा. दारातच आला होता. जरासा नव्हे, चांगला झोंबणारा. तुमच्यासमोर जरासा म्हटलं. मग तुम्ही म्हणालात, येत नाही. आणि खरं सांगते, तुम्ही म्हणालात आणि मला तो यायचा बंदच झाला. वास येत नाही म्हणूनच मी आत गेले.” ती थांबली. “नंतर विचारलं तर चौघींना आला होता. मावशींनाही.”

चार महिने मास्तर आपल्या एका नाकाचं दुःख उराशी धरून होते. त्या दारात रोज बारा नाकं उभी राहत होती, आणि ताप येण्याच्या आधीसुद्धा, बावीस वर्षं, ते रोज सकाळी सातला बाकीची अकरा बंद करत आले होते. हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलंही नसतं. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“पुढच्या वेळी आला तर?” त्यांनी विचारलं.

“आला तर मी ओरडणार आणि सगळ्यांना बाहेर काढणार,” सून म्हणाली. “तुम्हाला विचारणार नाही, बाबा.”

“नको विचारूस,” मास्तर म्हणाले. “पोरी, कुणालाच विचारू नकोस.”